थंड पाण्यांतील उकळी

पहाटे आधण चुलीवर ठेवलें म्हणजे तें प्रथम मुकें असतें. थोड्या वेळानें सणसणूं लागतें. आणि खरी उकळी फुटली कीं त्याचा आवाज पुन्हां बदलून जाड व मवाळ होतो. हा क्रम ज्यानें ऐकिला नाहीं असा एकहि विद्यार्थी आमच्या वाचकांत नसेल. परंतु आधण सणसणत असतांना त्याचें उष्णतामान किती असतें असें विचारिलें तर बहुतेक जण शंभर अंश असें बेधडक सांगतील, आणि तें उत्तर चुकीचें ठरेल. त्या वेळीं पातेल्याच्या मध्यभागीं उष्णतामापक धरला तर पारा बहुधा ७० ते ८० अंशांच्या आसपासच रेंगाळत असतो. म्हणजे सर्व पाणी अद्याप उकळण्याच्या लायकीचें झालेलें नसतांहि त्याच्या तळाशीं उकळी सुरू झालेली असते. या अकालीं येणाऱ्या उकळीची हकीकत प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय चुलीपाशीं सुरू होतो खरा. पण विहिरीवरचें इंजिन, आगगाडीचा बॉयलर आणि तारापूरची अणुभट्टी या सर्वांचें कुशल त्यावर अवलंबून आहे, हें वाचकांस पुढें दिसून येईल.

शंभर अंश हा आंकडा तरी आमच्या भागास कोठें तंतोतंत लागू पडतो? तो समुद्रकांठचा आहे. हवेचा दाब जितका कमी तितका उत्कलनबिंदु खालीं, असा नियम आहे. नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारें साडेतीनशें मीटर उंच. तेथें पाणी ९९ अंशांच्या किंचित् अलीकडेच उकळतें. लातूर बालाघाटाच्या पठारावर, त्याहून उंच. तेथें ९८ अंशांच्या आसपास उकळतें. उलट दाब वाढविला कीं उत्कलनबिंदु वर चढतो, आणि म्हणूनच झांकण पक्कें बसविलेल्या प्रेशर कुकरांत डाळ लवकर शिजते. दाब व उत्कलनबिंदु यांचें हें नातें पुढें पुन्हां लागणार आहे.

आतां पातेल्याच्या तळाशीं काय चाललें आहे तें पाहूं. पाणी कोमट होतांच तळास व कडेस जे बारीक मोत्यांसारखे बुडबुडे चिकटलेले दिसतात ते वाफेचे नव्हेत. पाण्यांत विरघळलेली हवाच उष्णतेनें बाहेर पडत असते. त्यांस येथें सोडून द्यावें. त्यांच्या मागून येणारे बुडबुडे मात्र वाफेचे. भांड्याचा तळ कितीहि घांसला तरी त्यावर डोळ्यांस न दिसणाऱ्या खांचा व ओरखडे राहतातच, आणि त्या खांचांत हवेचा किंवा वाफेचा कण दडून बसलेला असतो. तळ विस्तवावर असल्यामुळें त्याला लगटून असलेला पाण्याचा अगदीं पातळ थर उत्कलनबिंदूच्याहि वर तापतो, आणि खांचेंतील कणाभोंवतीं वाफ धरून बुडबुडा फुगूं लागतो. तो फुगून वर डोकें काढतो न काढतो तोंच त्याचें डोकें थंड पाण्यांत जातें. आंतील वाफ थिजून पुन्हां पाणी होते, बुडबुडा मिटतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेंत चोहोंकडून पाणी आदळतें. असे हजारों आघात एकामागून एक होतात. तीच ती सणसण. पुढें सर्व पाणी तापलें म्हणजे बुडबुडे वाटेंत मरत नाहींत. ते पृष्ठभागापर्यंत पोंचून फुटतात, आणि आधणाचा आवाज मवाळ होतो. सणसणणाऱ्या आधणांतील बुडबुडा म्हणजे जन्मास येऊन घराचा उंबरठाहि न ओलांडणारा जीव होय.

मग असल्या अल्पायुषी बुडबुड्याचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. १ ग्रॅम पाण्याचें उष्णतामान १ अंशानें वाढविण्यास १ कॅलरी उष्णता लागते. म्हणजे २५ अंशांचें पाणी १०० अंशांस नेण्यास ७५ कॅलरी पुरतात. पण त्याच पाण्याची वाफ करावयाची तर आणखी ५४० कॅलरी द्याव्या लागतात. ही जुन्या ग्रंथांतील गुप्त उष्णता. हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत तिला अप्रकट उष्मा म्हणतात. वाफ हा एवढा मोठा बोजा उचलते आणि जेथें थिजते तेथें तो टाकून देते. २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातुरास पाणी आणावें लागलें होतें. त्या दिवसांत ज्यांनीं घागरी मोजून पाणी वापरलें त्यांस थेंबाथेंबाचें काम किती वाढवितां येतें, हा हिशेब वेगळा समजावून सांगण्याची जरूर नाहीं. नुसतें तापून ७५ कॅलरी नेणारा थेंब वाफ झाला तर सहाशेंच्या वर नेतो.

येथवर विचार केल्यास बुडबुडा हा स्टेशनावरील हमालासारखा वाटतो: तापलेल्या भिंतीपाशीं ओझें उचलावयाचें, चार पावलें जाऊन थंड पाण्यांत टाकावयाचें, कीं संपलें. ही उपमा आम्हांस प्रिय आहे. पण ती अर्धीच खरी आहे, हें प्रयोगांनीं दाखविलें, आणि तें कसें तें पुढें सांगूं. हमालाखेरीज दुसरें एक काम बुडबुडा करितो. फुगतांना तो भिंतीजवळचें तापलेलें पाणी दूर ढकलतो व मिटतांना थंड पाणी आंत ओढून घेतो. रवीनें ताक घुसळावें तसा भिंतीलगतचा थर अखंड घुसळला जातो.

आतांपर्यंत पाणी भांड्यांत स्वस्थ होतें. तेंच नळींतून वाहतें ठेवलें, नळीची भिंत बाहेरून खूप तापविली, आणि आंत येणारें पाणी उत्कलनबिंदूच्या बरेंच खालीं ठेवलें, तर भिंतीवर बुडबुडे होतात आणि प्रवाहांत शिरतांच मरतात. नळीच्या तोंडाशीं येणारें पाणी पाहिलें तर त्यांत वाफेचा मागमूसहि नसतो. या प्रकारास इंग्रजी ग्रंथकार सब्कूल्ड फ्लो बॉइलिंग म्हणतात. आम्ही त्यास थंड प्रवाहांतील उकळी म्हणूं.

ही उकळी आमच्या शेतांत आहे. विहिरीवर जें डिझेल इंजिन बसवीत, आणि कोठें कोठें अजून बसवितात, त्याच्या सिलिंडराभोंवतीं पाणी खेळण्यासाठीं पोकळ कवच असतें. पंपाच्या मोठ्या नळास एक बारीक नळी जोडून विहिरीचेंच थोडें पाणी त्या कवचांतून नेतात, व तें ऊन होऊन पाटांत पडतें. सिलिंडराच्या माथ्यावर, धूर बाहेर जाण्याच्या झडपेपाशीं, धातु सर्वांत अधिक तापतो. तेथें कवचांतील पाणी उकळूं शकतें, आणि पाटांत पडणारें पाणी मात्र हातास सोसवेल इतकेंच ऊन असतें. ट्रॅक्टराच्या इंजिनांतहि हीच गोष्ट. तेथें पाणी रेडिएटरांतून पुन्हां पुन्हां फिरतें, आणि रेडिएटराचें झांकण दाब धरून ठेवतें म्हणून त्याचा उत्कलनबिंदु शंभराच्या वर राहतो. गरम इंजिनाचें तें झांकण घाईनें उघडल्यास दाब एकदम उतरतो, तापलेल्या पाण्याची तत्क्षणीं वाफ होते, आणि उघडणाऱ्याचें तोंड भाजतें. वाचकांनीं हें घरीं सांगून ठेवावें.

आमच्या बाळपणींची एक गोष्ट या ठिकाणीं सांगितल्यावांचून राहवत नाहीं. अर्धापुराच्या बाजूस आमच्या थोरल्या काकांचा केळीचा मळा होता. इंजिनांतून पडणाऱ्या पाण्याखालीं हात धरून पाहण्याची काकांची संवय होती. हाताला सोसतें तोंवर इंजिन सुखी, असा त्यांचा नियम. एके दिवशीं ऐन चैत्रांत ते बाजारास गेले व राखण आमच्याकडे आली. दुपारीं तें बारीक पाणी अधिकच बारीक झालें व अडखळत, थुंकल्यासारखें येऊं लागलें. आम्ही शेजारच्या मळ्यांतील मामांस विचारिलें, ते लांबूनच म्हणाले, “पाणी यायलंय की, चालू दे!” आम्हींहि चालू दिलें. हात धरून पाहिला नाहीं, कारण चटका बसेल असें वाटलें. आणि तोच खरा इशारा होता. घटकाभरांत इंजिन एकदम कण्हल्यासारखा आवाज करून थांबलें. पिस्टन सिलिंडरास धरून बसला होता. मिस्त्रीनें बारीक नळी सोडून दाखविली. ती विहिरीच्या गाळानें भरत आली होती. इंजिन दुरुस्त होऊन येईपर्यंत केळीचीं पानें करपलीं आणि काका आम्हांस कांहीं बोलले नाहींत, हें आम्हांस बोलण्यापेक्षां अधिक लागलें.

त्या दुपारीं काय झालें तें आम्हांस पुष्कळ वर्षांनीं समजलें. इंजिनाची उष्णता तितकीच होती. वाहणारें पाणी मात्र कमी झालें. त्यामुळें तें अधिक तापलें. पूर्वीं जे बुडबुडे प्रवाहांत शिरतांच मरत, ते आतां जगूं लागले, एकमेकांस मिळूं लागले, आणि माथ्यापाशीं वाफेचा गोळा धरून बसला. पाणी थुंकत येत होतें तें या वाफेमुळेंच. धातूवर पाण्याऐवजीं वाफ आली कीं उष्णता नेणारा कोणी उरत नाहीं. कारण वाफ उष्णतेची फार वाईट वाहक आहे. थंड प्रवाहांतील उकळी जोंवर मर्यादेंत आहे तोंवर तिच्याइतका चांगला चाकर नाहीं, आणि मर्यादा ओलांडली कीं तोच घर जाळतो. ही मर्यादा कोठें आहे? प्रयोग करणारांची सारी धडपड या एका प्रश्नासाठीं आहे.

वाफेचें हें पांघरूण पाहावयाचें तर भाकरीचा तवा पुरे. बेताच्या तापलेल्या तव्यावर पाण्याचा शिंतोडा टाकिला तर तो चर्र करून तत्काळ नाहींसा होतो. तवा अतिशय तापला असला तर मात्र थेंब मोत्यासारखा गोल होऊन इकडेतिकडे नाचत राहतो व बराच वेळ टिकतो. अधिक तापलेल्या तव्यावर पाणी अधिक वेळ टिकावें, हें प्रथम ऐकणारास खोटें वाटेल. पण थेंबाखालीं वाफेचा थर तयार होऊन तो थेंबास तव्याचा स्पर्शच होऊं देत नाहीं. योहान लायडनफ्रॉस्ट नांवाच्या जर्मन वैद्यानें १७५६ सालीं या चमत्काराचें वर्णन छापिलें, आणि तो आजहि त्याच्याच नांवानें ओळखला जातो.

आगगाडीवाल्यांस ही धास्ती नित्याची असे. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९११ सालीं लातुरापर्यंत आली; तिचीं वाफेचीं इंजिनें आतां नाहींत, पण तीं पाहिलेलीं वृद्ध माणसें आहेत. वाफेच्या इंजिनांत अग्निपेटीच्या छतावर नेहमीं पाणी असावें लागतें. पाण्याची पातळी उतरून छत उघडें पडलें तर तें लाल होऊन मऊ पडतें व आंतील दाबानें फाटतें. म्हणून छतांत शिशासारख्या लवकर वितळणाऱ्या धातूनें भरलेलें एक बूच बसवीत. छत भलतें तापलें कीं बूच वितळे, वाफ विस्तवावर येई, व ड्रायव्हरास वेळींच सूचना मिळे. हा उपाय उत्तम. तथापि तो संकट आल्यावरचा आहे. संकट किती दूर आहे हें आंकड्यांत सांगणारा मनुष्य अद्याप यावयाचा होता.

तो जपानांत निघाला. शिरो नुकियामा हे सेंदाई येथील विद्यापीठांत अध्यापक होते. त्यांनीं पाण्यांत एक बारीक तार बुडवून तींतून विजेचा प्रवाह सोडला, प्रवाह हळूहळू वाढवीत नेला, आणि तारेचें उष्णतामान तिच्या विद्युत्-विरोधावरून काढलें. निक्रोम धातूची तार असतां ती एका विशिष्ट आंकड्यापाशीं अकस्मात् वितळून तुटे. कारण समजेना. मग त्यांनीं फार उशिरां वितळणारी प्लॅटिनमची तार घेतली. त्याच आंकड्यापाशीं ही तार तुटली नाहीं. परंतु क्षणार्धांत तिचें उष्णतामान शेंकडों अंशांनीं उडी घेऊन ती तप्त होऊन चकाकूं लागली. तिच्याभोंवतीं वाफेचें पांघरूण पडलें होतें. नंतर वीज कमी करीत आणली तेव्हां तार त्याच आंकड्यास थंड झाली नाहीं. वीज बरीच खालीं उतरल्यावर पांघरूण फाटलें. जाण्याची वाट एक, परतण्याची दुसरी. हे निष्कर्ष त्यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केले. पाश्चात्य देशांत त्यांचें महत्त्व पटावयास पुढें पुष्कळ वर्षें लागलीं.

नुकियामांचें पाणी स्थिर होतें. वाहत्या पाण्याची गरज दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पडली. अग्निबाणाच्या नळकांड्या वितळूं न देणें आणि अणुभट्टींतील उष्णता बाहेर काढणें, या दोन्ही कामीं थोड्या जागेंतून अफाट उष्णता न्यावयाची होती. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रसंस्थेंत विल्यम मॅकॅडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तापविलेल्या दांड्याभोंवतालच्या अरुंद पोकळींतून पाणी वाहवून केलेले प्रयोग १९४९ सालीं छापून आले. अमेरिकेच्या आर्गोन प्रयोगशाळेंतील जेन्स व लॉट्स यांनीं १९५१ सालीं अशा मोजमापांवरून एक सूत्र बसविलें.

या प्रयोगांची रचना सांगण्यास सोपी आहे. पोलादाची एक सरळ नळी उभी करावयाची व तिच्या धातूंतूनच विजेचा मोठा प्रवाह न्यावयाचा, म्हणजे ती स्वतःच शेगडी होते. बाहेरच्या अंगास जागोजागीं उष्णतामान सांगणाऱ्या बारीक तारांच्या जोड्या चिकटवावयाच्या. पंपानें पाणी खालून सोडावयाचें. त्याचा वेग, दाब व आंत शिरतांनाचें उष्णतामान मोजावयाचें. मग यांपैकीं काहींहि न बदलतां वीज पायरीपायरीनें वाढवावयाची आणि प्रत्येक पायरीस भिंतीचें उष्णतामान टिपून घ्यावयाचें. पुनः वेग बदलून तेंच. पुनः दाब बदलून तेंच. महिनेच्या महिने हें चालतें. कंटाळवाणें काम आहे, यांत संशय नाहीं.

पण जो आलेख निघतो तो पाहण्यासारखा असतो. आरंभीं भिंतीचें उष्णतामान विजेच्या प्रमाणांत वाढतें. उष्णता दुप्पट केली तर भिंत व पाणी यांच्या उष्णतामानांतील अंतर दुप्पट होतें. मग एका ठिकाणीं रेषा वांकते. तेथें पहिले बुडबुडे उगवलेले असतात. त्यापुढें वीज वाढवीत गेलें तरी भिंत हट्टानें जवळजवळ तेथेंच राहते. जेन्स व लॉट्स यांच्या सूत्राप्रमाणें उष्णता सोळापट केली तर भिंतीचें उत्कलनबिंदूवरील उष्णतामान केवळ दुप्पट होतें! आंकडा घ्यावयाचा तर असा: तळहाताएवढ्या, म्हणजे १० सेंटीमीटर चौरस जागेंतून १ किलोवॅटाच्या दहा शेगड्यांची उष्णता वाहत्या पाण्यांत जात आहे, आणि दाब वातावरणाच्या सुमारें सत्तरपट आहे असें समजा. भिंत उत्कलनबिंदूच्या वर किती चढेल? सुमारें ८ अंश. एवढेंच.

आणखी एक गोष्ट या मंडळींस आढळली व ती आम्हांस फार मनोरंजक वाटते. उकळी चांगली जमल्यावर पाण्याचा वेग किती आहे व तें किती थंड आहे यांचा भिंतीच्या उष्णतामानावर फारसा परिणाम उरत नाहीं. मग वेग व थंडपणा यांची पर्वा कां करावी? कारण ती मर्यादा, जेथें पांघरूण पडतें ती, या दोहोंवर अवलंबून असते. पाणी जितकें वेगवान् व जितकें थंड, तितकी मर्यादा दूर. भिंतीचें उष्णतामान पाहून मात्र ती जवळ आली कीं नाहीं हें कळत नाहीं. आलेख शांतपणें सपाट चाललेला असतो आणि पुढच्याच पायरीस नळी लाल होते. म्हणून यंत्राला अशी कळ जोडलेली असते कीं भिंतीनें उडी घेतांच वीज आपोआप तुटावी. तरीहि नळ्या जळतातच. काकांच्या इंजिनाचें पाणी निदान थुंकून दाखवीत होतें.

हमालाच्या उपमेकडे आतां वळूं. कॅलिफोर्नियांतील जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेंत गुंथर यांनीं कांचेच्या खिडकींतून सेकंदास सुमारें २०,००० चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्यानें या बुडबुड्यांचीं चित्रें घेतलीं व १९५१ सालीं तीं प्रसिद्ध केलीं. बुडबुड्याचें सारें आयुष्य सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास भरलें. त्याच वर्षीं रोझेनो व क्लार्क यांनीं चित्रांवरून बुडबुडे मोजले, त्यांत मावणाऱ्या वाफेची गुप्त उष्णता काढली, आणि ती एकंदर उष्णतेच्या मानानें अगदीं क्षुल्लक निघाली! हमाल जवळजवळ बिनओझ्याचा ठरला. काम होतें तें घुसळण्यानें. हा निकाल दहा वर्षें टिकला. १९६१ सालीं मूर व मेस्लर यांनीं उकळत्या भिंतीवरील एका बिंदूचें उष्णतामान क्षणोक्षणीं मोजिलें, तेव्हां बुडबुडा वाढतांना त्याच्या बुडाखालची भिंत एकाएकीं थंड होते असें दिसलें. बुडाखालीं पाण्याचा एक अति पातळ पापुद्रा राहतो व तो भराभर वाफ होऊन जातो. म्हणजे बुडबुडा बुडाकडून वाफ घेत असतो आणि त्याच वेळीं डोक्याकडून थंड पाण्यांत सोडीत असतो. त्याचा आकार पाहून त्यानें किती नेलें हें समजावयाचें नाहीं. घुसळण्याचा वांटा किती व पापुद्र्याचा किती, यावर विद्वानांत अद्याप वाद चालतो. आमच्या मतें वादाचें खरें कारण असें कीं दाब, वेग व भिंत बदलली कीं वांटेहि बदलतात.

आतां महाराष्ट्राच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊं. त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांत, २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत, तारापूर येथें भारतांतील पहिलें अणुविद्युत्-केंद्र १९६९ सालीं वीज देऊं लागलें. त्याच्या पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या जातीच्या आहेत. युरेनियमच्या वड्या झिर्कोनियम धातूच्या बारीक, पुरुषाहून उंच नळ्यांत भरलेल्या. अशा नळ्यांच्या जुड्या पाण्यांत उभ्या. आणि पाणी खालून वर वाहतें. दाब वातावरणाच्या सुमारें सत्तरपट, म्हणून उत्कलनबिंदु २८५ अंशांच्या आसपास. खालून शिरणारें पाणी त्याहून थंड असतें. म्हणजे नळीच्या खालच्या भागांत नेमकी हीच उकळी, अंगावर बुडबुडे व प्रवाह थंड. वर जावें तसतसे बुडबुडे जगूं लागतात, आणि माथ्याशीं पाण्याबरोबर वाफ बाहेर पडते.

येथें बुडबुडा केवळ उष्णता नेत नाहीं. या भट्टींतील पाण्याकडे दुसरेंहि काम आहे. युरेनियमचा अणु फुटून जे न्यूट्रॉन धांवत सुटतात त्यांचा वेग पाणी मंद करितें, आणि मंद न्यूट्रॉन पुढील अणु फोडण्यास अधिक समर्थ असतात. पाण्याची जागा वाफेनें घेतली कीं न्यूट्रॉन मंद होत नाहींत व भट्टीचा जोर आपोआप उतरतो. म्हणून कोणत्या उंचीवर बुडबुडे भिंत सोडून प्रवाहांत जगूं लागतात, हें ठाऊक नसेल तर भट्टीचा जोर कोठें किती आहे हेंहि सांगतां येणार नाहीं. ती उंची काढण्याचा जो नियम साहा व झुबर यांनीं १९७४ सालीं दिला तो अजून वापरांत आहे. तोहि नळ्या तापवून मिळालेल्या आंकड्यांवरच उभा आहे. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांतहि विजेनें तापविलेल्या नळ्यांचे मोठे प्रवाहमार्ग उभारून उकळत्या पाण्याचे प्रयोग झाले आहेत. युरेनियमऐवजीं वीज वापरण्याचें कारण उघड आहे: मर्यादा ओलांडून पाहावयाची ती विजेच्या नळींत, खऱ्या भट्टींत नव्हे.

हा विषय इतका दूर नेल्यावर पुन्हां घरीं यावयास हवें, कारण आमच्या भागाचा एक वैरी राहिला आहे. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणांतील विहिरींचें व बोअरचें पाणी बहुधा जड असतें. तें तापलें कीं चुन्याचे क्षार भिंतीवर बसतात, आणि बुडबुडा जेथें उगवतो तेथें अधिक बसतात. कारण बुडाखालचा पापुद्रा वाफ होऊन जातो व क्षार मागें राहतो. ज्या घरीं अंघोळीचें पाणी विजेच्या रॉडनें तापवितात त्यांनीं रॉडावरील पांढरें पुट पाहावें. पुट उष्णतेस अडवितें. आंतील धातु पूर्वींहून अधिक तापतो. आणि एके दिवशीं रॉड जळतो. दुकानदार त्यास विजेचा दोष म्हणतो, गिऱ्हाईक दुकानदाराचा. साखर कारखान्याचा बॉयलर ज्याच्या हातीं असतो तो मात्र असें म्हणून सुटूं शकत नाहीं. लातूर व नांदेडकडील कारखान्यांत चिपाडांच्या विस्तवावर वाफ होते. नळीच्या आंत क्षाराचें जाड पुट बसलें तर बाहेरून पोलाद मऊ होऊन ती फुगते व फुटते. यासाठीं बॉयलरांत घालावयाचें पाणी आधीं क्षारविरहित करितात व त्याची रोज परीक्षा घेतात. रॉडास मात्र लिंबाच्या रसांत किंवा व्हिनेगरांत कांहीं वेळ बुडवून ठेवून पुट सोडवितां येतें. अर्थात् रॉड विजेपासून पूर्ण अलग करून व थंड झाल्यावर.

आमच्या शाळेंतून जे विद्यार्थी पुढें यंत्र-अभियांत्रिकीस जातील त्यांस नुकियामांचा प्रयोग स्वतःच्या हातानें करण्याचा योग बहुधा येईल. अनेक महाविद्यालयांत कांचेच्या भांड्यांत निक्रोमची बारीक तार लावून तो करवून घेतात. पाणी आधीं थोडें तापवून ठेवितात. उकळूं देत नाहींत. वीज वाढवितांच तारेवर बुडबुड्यांच्या रांगा उभ्या राहतात, मग त्यांची गर्दी होते, मग तार एका जागीं लाल दिसते आणि त्याच क्षणीं तुटते. तुटतांनाचा आंकडा वहींत लिहावयाचा असतो. पाणी थंड असतां तो मोठा येतो, तापलेलें असतां लहान. तेंच उष्णतामान ठेवून, त्याच रिळाची दुसरी तार लावून पुन्हां प्रयोग केला तर मात्र पहिलाच आंकडा तंतोतंत येत नाहीं. दोन तारांवरील खांचा एकसारख्या नसतात. त्यामुळें शिक्षक निदान तीन तारा तोडावयास सांगतात.